ज्याचा हात, त्याची फेरी

४ फेब्रुवारी

ताई,

सुरुवात कशी करायची यातच तीन कागद वाया गेले. 'तीर्थरूप' लिहिलं तर हसशील, 'प्रिय' लिहिलं तर फाडशील. म्हणून नुसतं ताई. अकरा वर्षांतलं हे माझं पहिलं पत्र, आणि तेही काम निघालं म्हणून लिहितोय, हे आधीच कबूल करून टाकतो. पत्ता मावशीनं दिला. देताना म्हणाली, "उत्तर देणार नाही ती. पण वाचेल. तिला काही अर्धवट ठेवता येत नाही."

तू एका शाळेच्या भांडारात आहेस, वह्या, खडू, बाकांचे स्क्रू मोजून देतेस आणि मोजून परत घेतेस, हेही तिच्याकडूनच कळलं. तळमजल्यावर खोली घेतली आहेस म्हणे. गुडघ्याचं मी विचारलं नाही, तिनंही काढलं नाही.

इकडे सगळं ठीक. मी अजून त्याच कंपनीत, लिफ्टदुरुस्तीतच. केस पिकले. लेक नववीत गेली, वादात तुझ्यावर गेली आहे. तब्येत उत्तम. आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो आणि मी रोज जिन्यानं चढतो-उतरतो, शेजारीपाजारी कौतुक करतात.

आता काम. कंपनीनं ठरवलंय की ३१ मार्चनंतर जुन्या बनावटीच्या लिफ्टची देखभाल करायची नाही. मला नव्या लिफ्टच्या विभागात टाकणार आहेत. तिथं हत्यारं नसतात, पडद्यावर आकडे बघायचे असतात. पण मी नऊ वर्षं ज्या तीन इमारतींच्या लिफ्ट सांभाळतोय, तिथले लोक हवालदिल झालेत. त्यांचा कारभार एक बाई बघतात, निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. परवा मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "तुम्हीच घ्या की आमच्या लिफ्ट. स्वतःचं काम सुरू करा. पंधरा मार्चपर्यंत हो-नाही सांगा, म्हणजे मला पुढचं बघता येईल."

तर सांग, करू का स्वतःचं काम? तू आठ वर्षं लिफ्टदुरुस्तीचंच स्वतःचं काम केलंस. त्याला काय लागतं ते आपल्या घरात तुलाच माहीत.

मला भीती वाटते, ताई. कंपनीत नट आवळणारा वेगळा आणि फेरी मारणारा वेगळा. मी काम करतो, सही करतो, पिशवी उचलतो. मग दुसरा माणूस येऊन लिफ्ट चालवून बघतो. चूक राहिलीच तर त्याला सापडते, त्याच्या वर साहेब आहेत, साहेबांच्या वर त्यांचे साहेब. स्वतःचं काम म्हटलं की माझ्या वर फक्त छप्पर. आणि तुझा नियम मला अजून पाठ आहे: ज्याचा हात, त्याची फेरी. लिफ्टला ज्यानं हात लावला त्यानंच पहिल्यांदा आत उभं राहायचं, एकट्यानं, प्रत्येक मजल्यावर थांबत वर जायचं आणि खाली यायचं. मग गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जाऊन एकेका नटावर पुन्हा हात ठेवून मोजायचं. मगच रजिस्टरात लिहायचं, आणि तोवर गिऱ्हाइकाला आत पाय टाकू द्यायचा नाही.

हो किंवा नाही, एवढंच कळव. कारण नको.

तुझा धाकटा भाऊ


१२ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, तरी पोस्टमन दिसला की मी जिन्यात उगाच चपला शोधतो.

दरम्यान एक गंमत. तुझ्या भावजयीनं कुठूनतरी माहिती काढून मला एका शिबिराला पाठवलं. 'आपण उद्योजक व्हावं का?' असा मोठा फलक, खाली चाळीस खुर्च्या, आणि समोर कोट घातलेले एक सर. त्यांनी स्वतः कोणता उद्योग केला हे एका म्हाताऱ्यानं विचारलं, तेव्हा म्हणाले, "हाच." मला आवडलं ते.

सरांनी प्रत्येकाला वीस प्रश्नांचा कागद दिला. म्हणाले, प्रामाणिक उत्तरं द्या, मला दाखवायची नाहीत, ज्यानं तुम्हाला काम करताना पाहिलंय अशा एका माणसाला दाखवा. मला काम करताना पाहिलेला माणूस एकच. म्हणून सगळे प्रश्न उतरवून, उत्तरांसकट, सोबत जोडलेत. तुझा वेळ जाईल, पण मावशी म्हणते तू वाचशील.

पहिल्या प्रश्नालाच मी अडलो. 'तुम्हाला कोणी न उठवता उठता येतं का?' येतं. भीती उठवते, साडेपाचाला, घड्याळाच्या आधी. सहावा: 'तुम्हाला नाही म्हणता येतं का?' मी बराच वेळ विचार केला आणि 'हो' लिहिलं, कारण 'नाही' लिहायला हात धजेना. नववा, घरच्यांचा पाठिंबा. तुझी भावजय शेजारी बसूनच वाचत होती. म्हणाली, "लिहा, पाठिंबा आहे, पण माणसावर विश्वास नाही." मी म्हटलं, म्हणजे? तर म्हणाली, "चहा सांडला तरी आधी फडकं लपवता तुम्ही. धंद्यात काय कराल?" थट्टेतच म्हणाली. मी पण हसलो.

शेजारच्या खुर्चीवर एक बाई होत्या, शिवणकाम करणाऱ्या. त्यांनी पाच मिनिटांत कागद भरून टाकला. मी विचारलं, एवढं सोपं गेलं? म्हणाल्या, "दादा, मी तीन वर्षं करतेच आहे. आज फक्त बघायला आले की करायला हवं होतं की नाही."

मी शेवटपर्यंत बसून होतो. सगळे गेल्यावर खुर्च्या गोळा करणाऱ्यानं माझी खुर्ची मागितली तेव्हा उठलो.

कागद बघ. आणि वाटलं तर एक ओळ टाक.

तुझा धाकटा भाऊ


२० फेब्रुवारी

ताई,

कार्ड मिळालं. अकरा वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. अजूनही प्रत्येक ओळ पट्टी ठेवल्यासारखी. एकच ओळ लिहिलीस: 'तेरानंतर पंधरा आहे. चौदावा कुठंय?'

तू मोजणार हे मला कळायला हवं होतं. हातात वाटाणे दिले तरी मोजूनच तोंडात टाकणारी तू. चौदावा साधाच होता, कार्यालयाला जागा आहे का, असा काहीतरी. उतरवताना ओळ सुटली. पुढे लिही.

कालची हकिगत सांगतो. बाईंनी मला इमारतीत बोलावलं होतं, 'तिन्ही लिफ्ट एकदा मालकाच्या नजरेनं बघा' म्हणून. मी आधी त्यांच्याच इमारतीत सरळ जिन्यानं गच्चीवर गेलो. मशीनरूम स्वच्छ, मीच ठेवतो. मोटर, दोर, ब्रेकचं चाक, दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा. नट मोजले. आठ. पुन्हा मोजले. आठ. दाराला कुलूप लावलं, अर्ध्या जिन्यातून परत वर गेलो आणि तिसऱ्यांदा मोजले. ताई, नऊ वर्षं त्या खोलीत मी डोळे मिटूनही काम करतो. काल 'मालकाच्या नजरेनं' म्हटल्याबरोबर प्रत्येक नट मला ढिला दिसायला लागला.

खाली आलो तर बाई लिफ्टचं दार उघडं धरून उभ्या. "या, चौथ्यावर माझ्याकडे चहा घेऊन जा."

"मी जिन्यानं येतो, बाई."

"पस्तीस वर्षं शाळेत काढलीत मी. वर्गात न येण्याची सगळी कारणं मला पाठ आहेत. या."

गेलो आत. दार लागलं. ती डबी, ताई, चार माणसांची, मधे आरसा, आरशात मी. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधली भिंत काचेतून सरकताना दिसते तिथं मी कठडा धरला. बाई बघत होत्या. म्हणाल्या, "घाम का पुसताय? म्हातारी आमची लिफ्ट झालीय, तुम्ही नाही."

चौथ्यावर दार उघडलं तरी मला बाहेर पाऊल टाकवेना. नेमक्या त्याच क्षणाची मला भीती वाटते, एक पाय आत आणि एक बाहेर. बाईंनी हात धरून ओढलं. चहा दिला. काही विचारलं नाही. शिक्षकांचं ते न विचारणं फार वाईट असतं.

लिफ्टदुरुस्तीवाला, आणि लिफ्टला भितो. हसायला हवंस तू.

भाऊ


२१ फेब्रुवारी, जेवणाच्या सुट्टीत

ताई,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि तिथंच उभा राहिलो. हात आत जात असता तर काढून घेतलं असतं.

चौदावा प्रश्न जागेचा नव्हता. ओळ सुटली नव्हती. कागद माझ्यासमोर आहे, शब्दाला शब्द लिहितो. 'तुमच्या हातून झालेली सगळ्यांत मोठी चूक कोणती, आणि त्यानंतर तुम्ही काय केलंत?'

मी ताकाला जाऊन भांडं लपवत होतो. धंदा करू का, हे विचारायला मला तू लागत नव्हतीस. मला हे सांगायचं होतं आणि ते सांगायचं धाडस होत नव्हतं, म्हणून वीस प्रश्न पाठवले. त्यातलाही हाच गाळला.

आता वाच. उभी असशील तर बस.

त्या दिवशी आपण त्या चार मजली दवाखान्याच्या लिफ्टच्या ब्रेकच्या पट्ट्या बदलल्या. पट्ट्या तू निवडल्या होत्यास, नव्या कारखान्याच्या. सकाळी दोघांनी काढल्या-बसवल्या, मग तू दुसऱ्या कामाला गेलीस. स्प्रिंगा मी बांधल्या. स्प्रिंगेचा नट आवळायचा आणि तो सैल पडू नये म्हणून त्याच्या पाठीवर दुसरा नट बसवायचा; दोन स्प्रिंगांचे चार, पट्ट्यांचे चार, मिळून आठ. उजवीकडे दोन्ही बसवले. डावीकडचा पाठीवरचा नट फडक्यावर काढून ठेवला होता. तो फडक्यावरच राहिला.

यापर्यंत चूक म्हण. कुणाकडूनही होते. म्हणून तर तुझी फेरी होती.

मी फेरी मारली नाही, ताई.

त्याच्या महिनाभर आधी मी दोन मजल्यांच्या मधे दोन तास अडकलो होतो, आठवतंय? तू बाहेरून गाणी म्हणत होतीस, मला हसवायला. तुला वाटलं विषय संपला. मला त्यानंतर आत पाय टाकायचीच धास्ती बसली होती आणि ते तुला सांगायची लाज. धाकटा भाऊ, सत्तावीस वर्षांचा घोडा, लिफ्टवाला, आणि लिफ्टला भितो. म्हणून मी वरूनच बटण दाबून रिकामी डबी दोनदा वर-खाली फिरवली. छान फिरली. मशीनरूममध्ये बसून रजिस्टरात लिहिलं: 'पहिली फेरी झाली. नट मोजले. आठ.' सही केली आणि रजिस्टर दवाखान्याच्या शिपायाबरोबर खाली पाठवलं. सात होते. मोजले असते तर सात निघाले असते.

दुपारी चारला तू मला न्यायला आलीस. खाली रजिस्टर बघितलंस, माझी सही बघितलीस आणि आत गेलीस. माझ्या सहीवर विश्वास ठेवून गेलीस.

लोकांना वाटतं लिफ्ट खाली पडते. आपल्याला माहीत आहे, ब्रेक सुटला आणि आत एकच माणूस असला की दोराच्या पलीकडच्या टोकाचं वजन जड होतं आणि डबी वर पळते. डावीकडचा एकटा नट सैल पडत गेला, स्प्रिंग ढिली झाली आणि ब्रेकला चाक धरवेना. तिसऱ्या मजल्यावर तू बाहेर पाऊल टाकलंस आणि मागचा पाय वर गेला. मला वरून फक्त चाक घसरल्याचा आवाज आला, आणि मग तुझा.

पुढचं मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मावशीला नाही. खाली लोक तुला उचलत होते. मी धावत जिना उतरलो नाही. आधी वीज बंद केली, सगळ्यांना वाटलं त्यासाठीच वर थांबलोय. मग सैल पडलेला नट आवळला, फडक्यावरचा उचलला, त्याच्या पाठीवर बसवला, आवळला. तू खाली ओरडत होतीस आणि मी पाना फिरवत होतो. माझा हात अजिबात कापला नाही, याची मला सगळ्यांत जास्त भीती वाटते. आजही.

तिसऱ्या दिवशी तपासनीस आले तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. आठ नट. मग राहिलं काय? नव्या पट्ट्या. त्यांनी लिहिलं, पट्टी निकृष्ट. तू दवाखान्याच्या खाटेवर म्हणालीस, "निवड माझी होती. ज्याला निवडता येत नाही त्यानं हे काम करू नये." मी पायाशी उभा होतो. तेव्हा बोललो असतो तर तुझा फक्त गुडघा गेला असता. तू काम बंद केलंस आणि पंधरा दिवसांत मी कंपनीत लागलो. तू निरोप पाठवलास, 'घर फिरलं की घराचे वासे फिरतात.' मी तो निरोप जपून ठेवला, कारण त्या निरोपात माझा गुन्हा फार लहान होता.

मला लहानपणी तू 'दहाचा पाना' म्हणायचीस, कारण कामाच्या वेळी नेमका तोच जागेवर नसतो. ते खरं होतं. फक्त त्या दिवशी मी जागेवर होतो, आणि तेच वाईट झालं.

हे चौदाव्याचं उत्तर. भोंगा वाजला. जातो.


९ मार्च

ताई,

सोळा दिवस झाले. तू कार्डही टाकलं नाहीस. पोस्टमननं परवा स्वतः होऊन सांगितलं, "तुमचं काही नाही हो," आणि मी त्याला का कोण जाणे, थँक्यू म्हणालो.

पाप आढ्यावर चढून बोलतं म्हणतात. माझं तर शब्दशः आढ्यावरच घडलं होतं, आणि अकरा वर्षं गप्प बसलं. आता तोंड उघडलंय तर बंद होत नाही. रविवारी सगळं तुझ्या भावजयीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडतच राहिली, मग निवडलेली भाजीही कचऱ्यात टाकली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दारात चपला घालताना म्हणाली, "अकरा वर्षं पाच जिने चढताय. मी मैत्रिणींना सांगते, आमचे हे तब्येतीला जपतात." एवढंच म्हणाली आणि स्वतः लिफ्टनं खाली गेली.

लेकीला अजून सांगितलेलं नाही. ती परवा विचारत होती, "बाबा, आत्या आपल्याकडे का येत नाही?" मी म्हटलं, लांब राहते. तिनं नकाशा काढून दाखवला, साडेतीन तास.

मला कशाकशाची भीती वाटते सांगू? तू कधीच लिहिणार नाहीस याची. तू लिहिशील याची. साहेब नव्या विभागात टाकतील, मी तिथं पडद्यासमोर सुखानं बसेन आणि पुढच्या वीस वर्षांत हे सगळं पुन्हा विसरेन, याची तर सगळ्यांत जास्त. विसरणं मला चांगलं जमतं. आणि बाईंना हो म्हटलं तर एक दिवस पुन्हा चार वाजतील, कुणीतरी माझी सही बघून आत जाईल.

सहा दिवस उरलेत. मी तुला घाई करत नाही.

भाऊ


१४ मार्च

ताई,

तुझं पत्र काल मिळालं. दोन्ही पानं. किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

तू लिहिलंस: 'अकरा वर्षं मी खडू मोजले. पायरी चढताना गुडघा दुखला की प्रत्येक पायरीला स्वतःला शिव्या घातल्या, की तुला पट्टी ओळखता आली नाही. आता त्या शिव्या परत घेऊन कुठं ठेवू? माफी मागू नकोस. माझ्याकडे द्यायला नाही.'

मागत नाही. मागणार होतो, चौथं पान तेच होतं, ते फाडलं.

आणि धंद्याबद्दल लिहिलंस: 'विचारलंस म्हणून सांगते. भित्रा माणूस चालतो, मी स्वतः प्रत्येक फेरीला घाबरायचे. म्हणून तर मोजायचे. पण ज्यानं रजिस्टरात खोटं लिहिलं, त्याच्या हातात मी माझी कुठलीच लिफ्ट एकट्यानं देणार नाही.'

ही ओळ वाचून मी जिन्यातच बसलो. तू प्रत्येक फेरीला घाबरायचीस? आत जाताना शीळ घालायचीस तू! मला वाटायचं तुला काही वाटतच नाही आणि मलाच काहीतरी कमी आहे. हे तू मला एकदा सांगितलं असतंस तर, असं लिहायला घेतलं आणि थांबलो. दोष पुन्हा तुझ्याकडे सरकवत होतो. सवय आहे.

आज सकाळी बाईंकडे गेलो. सगळं सांगितलं, नटासकट. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"हे मला का सांगताय? मी फक्त हो की नाही विचारलं होतं."

"उत्तर नाही आहे, बाई. एकट्यानं घ्यायला मी लायक नाही. पण लिफ्ट सोडूही नका. हे काम करायला जन्मलेलं एक माणूस आहे. तिचं काम मी बंद पाडलं. तिला विचारा. तिनं ठेवलं तर मी तिच्या हाताखाली नट आवळेन, नाही ठेवलं तर नाही."

"त्या येतील?"

"नाही वाटत."

"गुडघ्याचं काय? मशीनरूम गच्चीवर आहे."

ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं, ताई. वर पोचायचं तर तुला लिफ्टमध्ये बसावं लागेल. बाईंनी वही पुढे केली. "पत्ता लिहा. सुवाच्य."

लिहून दिला. तुला न विचारता दिला, हाही एक गुन्हाच. उद्या पंधरा मार्च. बाई म्हणाल्या, त्या मुदत वाढवतील. पस्तीस वर्षांत त्यांनी कुणाला वाढवून दिली नव्हती.

भाऊ


२६ मार्च

ताई,

कार्ड आलं. 'बाईंचं पत्र चांगलं आहे, त्यांच्यासाठी येते. तुझ्यासाठी नाही. रविवारी दहाला. शनिवारी ब्रेक पूर्ण खोलून पुन्हा बांध. पहिली फेरी तुझी. मी खाली उभी राहीन.' तुला इतकं लांब पत्र लिहितोय खरं, पण ते तुला शनिवारी मिळेल, म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी. यायचं रद्द करायला तेवढा वेळ पुरेल.

साहेबांकडे राजीनामा दिला. तुझं कार्ड येण्याच्या आदल्याच दिवशी दिला. तू रविवारी 'नाही' म्हणालीस तर माझी अवस्था ना घरचा ना घाटचा. पण त्या पडद्यासमोर बसलो असतो तर मी खरंच विसरलो असतो. तुझी भावजय म्हणाली, "द्या. निदान लपवायला जागा उरणार नाही." मग आमच्या इमारतीत ती मला लिफ्टनं एक मजला खाली घेऊन गेली. रोज एक मजला जास्त, असं चाललंय. चार मजल्यांपर्यंत आलोय. कठडा अजून सोडवत नाही. लेक आरशात माझे चाळे करून दाखवते. तिला मंगळवारी सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "आत्या मला ओळखेल?" रविवारी तीही येणार आहे. नको म्हणालीस तर आणणार नाही.

रविवारचं ठरवून ठेवलंय. शनिवारी ब्रेक बांधेन. नट आठ, फडक्यावर काही नाही. फडकं खिशात घालून आणेन, तू बघ. रजिस्टर नवं घेतलंय, पहिलं पान कोरं आहे. बाईंना सांगितलंय की दहापर्यंत इमारतीतल्या कुणालाही लिफ्टजवळ येऊ द्यायचं नाही. त्यांनी खाली खुर्ची टाकून स्वतः बसायचं ठरवलंय, म्हणजे कुणाची हिंमत नाही.

दहाला तू दारात असशील. अकरा वर्षांत मी तुला पाहिलेलं नाही, पण त्या वेळी तुझ्याकडे बघणार नाही, नाहीतर आत जाणं होणार नाही. दार लावेन. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येक मजल्यावर थांबेन, एक पाय बाहेर, एक आत, आणि मनात आठ मोजेन. मला कळतंय की तिसऱ्यावर काय होईल. तिथं मला तुझा आवाज ऐकू येईल. तरी थांबेन. मग खाली येईन. मग जिन्यानं गच्चीवर जाऊन पुन्हा मोजेन, पुन्हा खाली येईन आणि तुझ्यासमोर रजिस्टरात लिहीन. खरं तेच.

त्यानंतर लिफ्टचं दार उघडेन. वर मशीनरूममध्ये तुझ्या हातानं मोजल्याशिवाय तुला पटणार नाही, आणि तुझ्या गुडघ्याला वर जायला दुसरा रस्ता नाही. पण तू लगेच आत यायला हवंस असं काही नाही. त्या दिवशी नाही आलीस तरी चालेल. गाडीनं परत गेलीस तरी चालेल, मी स्टँडवर सोडायला येईन.

तुला हवा तेवढा वेळ मी दार धरून उभा राहीन. हलणार नाही.

दहाचा पाना